ज्वारीकडून किती मागायचं?

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी पेरतात ती पाऊस सरत आल्यावर. पुढचे चार महिने पीक जगतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. दाणा भरायची वेळ येते तेव्हा ओल तळाला गेलेली असते आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. अशा पिकाचा नवा वाण काढायचा तर पैदासकारानं आधी काय धरायचं? दाणा, कडबा, की तग धरायची ताकद? त्यात आता हुरडा, लाह्या, गोड रस, लोह आणि जस्त अशा नव्या मागण्यांची भर पडली आहे. या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. त्या समोरासमोर याव्यात म्हणून इथं दोन माणसं कल्पिली आहेत : जन्मभर मालदांडी पिकवणारे मामा आणि ज्वारीच्या पैदाशीत काम करणारी त्यांची भाची. फेब्रुवारी नुकता लागला आहे, दाणा पक्का होत आला आहे आणि दोघं बांधावरून रानात उतरले आहेत.

मामा : तू आलीस की तुझ्या तोंडी एखादा नवा वाण असतोच. आधी मला सांग, मालदांडीला काय झालंय? वडिलांनी हीच पेरली, मी हीच पेरतो. दाणा टपोरा आणि चमकदार, भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ, कडबा गोड. गुरं धाट टाकत नाहीत. मग तुम्ही इतकी वर्षं सुधारलंत काय?

भाची : मामा, मालदांडीसुद्धा कुणीतरी निवडूनच काढली आहे. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर गावरान मालदांडीतली चांगली ताटं निवडत निवडत एम ३५-१ हा वाण तयार झाला. तुम्ही पेरता ती हीच. इतक्या दशकांत शेतकऱ्यानं ती हातची सोडली नाही, याहून मोठं प्रमाणपत्र कुठल्या पैदासकाराला मिळणार? सरकारसुद्धा हमीभाव जाहीर करताना संकरित आणि मालदांडी वेगळी धरतं. २०२४-२५च्या हंगामाला संकरित ज्वारीचा भाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता आणि मालदांडीचा ३,४२१.

मामा : क्विंटलमागं पन्नास रुपये! भाकरी खाणाऱ्याला विचार, दोन्हींत फरक पन्नास रुपयांचाच आहे का ते. असो. पण मालदांडी एवढी चांगली होती तर हायब्रीड कशाला आणलीत?

भाची : देशात धान्य कमी होतं म्हणून. ज्वारीचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळं संकरित बी पोत्यानं काढायची सोय नव्हती. १९५४ साली टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी मिलो आणि काफिर या ज्वारीच्या प्रकारांच्या संकरातून नरवंध्य ज्वारी मिळवली. तिच्यात पराग धरत नाही, मग शेजारच्या ओळीचा पराग आपोआप तिच्यावर पडतो. दहा वर्षांत, म्हणजे १९६४ साली, सीएसएच-१ हा आपला पहिला संकर आला. बुटका, लवकर येणारा आणि दाण्याला भारी. खरिपाचं उत्पन्न त्यानंतर खरोखर वाढलं.

मामा : वाढलं, आणि खळ्यावर काळं पडलं. काढणीच्या तोंडावर पाऊस आला की कणसाला बुरशी. व्यापारी मूठभर दाणे हातावर घ्यायचा आणि भाव पाडायचा. भाकरीला चव नाही आणि कडबा तर गुरं हुंगून सोडायची. शेवटी खरिपाचं रान सोयाबीननं घेतलं.

भाची : तुम्ही म्हणता तसंच झालं, आणि त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. खरिपाची जुनी गावरान ज्वारी उंच आणि उशिराची होती. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय ती निसवत नसे. त्यामुळं तिचा दाणा पाऊस उघडल्यावर, कोरड्या हवेत भरायचा. आम्ही लवकर येणारी ज्वारी केली आणि तिचा दाणा ऐन पावसात उघडा पडला. म्हणजे उत्पन्न वाढवताना पिकाचं एक संरक्षण आम्ही काढून घेतलं. पुढं बुरशीला तोंड देणारे संकर काढण्यात पैदासकारांची कित्येक वर्षं गेली. तोवर रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला आणि सोयाबीनला रोख पैसा मिळू लागला. १९७०च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास ज्वारी होती, आज ती चाळीस लाखांच्या घरात आली आहे.

मामा : मग माझं म्हणणं खरंच ठरलं. एका गोष्टीच्या मागं लागलात आणि बाकीच्या चार घालवल्यात. ज्वारी आहे तशी राहू द्या. पैदाशीवर घालायचा पैसा भावावर घाला.

भाची : भाव मिळालाच पाहिजे, त्यावर आपला वाद नाही. पण ज्वारी आहे तशी ठेवली तरी हवामान कुठं आहे तसं राहिलंय? पूर्वी हस्ताच्या पावसाचा भरवसा होता. आता कधी पेरणीलाच वापसा मिळत नाही, कधी थंडी पडायच्या आत ऊन चढतं. हे ताट बघा.

बांधालगतच्या मुरमाड पट्ट्यात काही ताटं आडवी झाली होती. भाचीनं त्यातलं एक उचललं. मुळापासून दुसऱ्या पेराशी ते मोडलं होतं. नखानं तिनं धाट उभं चिरलं. आत गर उरलाच नव्हता. सुटे, कोरडे धागे आणि त्या धाग्यांवर बारीक काळी पूड. कणीस मात्र भरल्यासारखं दिसत होतं. तिनं ते तळहातावर चोळलं, तेव्हा दाणे निम्मेच भरलेले निघाले.

मामा : खडखड्या. हलक्या रानात दर दोन-तीन सालाला येतोच.

भाची : याची बुरशी जमिनीतच असते आणि ओल आहे तोवर ती ताटाला काही करत नाही. दाणा भरायला लागतो, पाणी संपतं, पानं वाळतात. मग ताट आपल्याच धाटातली साखर उपसून कणसाला देतं. धाट रिकामं झालं की बुरशी आत शिरते. तुम्हाला दिसतो तो रोग, पण त्याचं मूळ पाण्याच्या ताणात आहे. म्हणून आम्ही शोधतो ती दाणा भरेपर्यंत पान हिरवं ठेवणारी ज्वारी.

मामा : आणि ती कुठं मिळते?

भाची : या गुणाचा सगळ्यात जास्त अभ्यास झालेला वाण इथिओपियातल्या गावरान ज्वारीतून आला. बी-३५ म्हणतात त्याला. त्याच्या गुणसूत्रांवरचे चार भाग पान हिरवं राहण्याशी जोडलेले सापडले. पाटनचेरूच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेत आणि इतरत्रही हे भाग दुसऱ्या वाणांत उतरवायचं काम झालं. यातलं मर्म असं की ही ज्वारी पाणी जास्त ओढते म्हणून हिरवी राहते असं नाही. तिला फुटवे कमी येतात, वरची पानं लहान राहतात, म्हणून फुलोऱ्यापर्यंत ती पाणी कमी खर्चते. ती शिल्लक दाणा भरताना उपयोगी पडते.

मामा : थांब जरा. पानं लहान, फुटवे कमी. म्हणजे ज्या साली पाऊस चांगला होईल त्या साली माझा कडबा कमी. दुष्काळाचा विमा तुम्ही उतरवणार आणि हप्ता माझ्या कडब्यातून कापणार!

भाची : हा हिशोब खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. भारी, खोल जमिनीत अशा ज्वारीचा तोटा होऊ शकतो. हलक्या जमिनीत, जिथं दर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खडखड्या येतो, तिथं तिचा फायदा. म्हणून सगळ्या शिवाराला एकच वाण ही कल्पनाच आता सोडायला हवी. राहुरीच्या विद्यापीठानं रब्बीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणं वेगळे केले ते याच कारणानं. एक फुटापर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा आणि त्याहून खोल काळीला फुले वसुधा. हलक्या जमिनीत लवकर उरकणारी ज्वारी लागते, कारण तिथली ओल कुणाची वाट बघत नाही.

मामा : माझ्या पाच एकरांत या तिन्ही जमिनी आहेत. तीन बियाणी तीन ठिकाणी पेरत बसू?

भाची : पेरताना पाभर एकच, फक्त बी बदलायचं. आज त्या मुरमाड पट्ट्यात जे गेलं ते त्यानं वाचलं असतं.

मामा : बरं, रब्बीला चांगला संकर का नाही निघाला मग? खरिपात धडाधड निघाले.

भाची : काही निघाले, पण शेतकऱ्यानं उचलले नाहीत. नरवंध्य ओळी बऱ्याचशा खरिपाच्या रक्ताच्या. त्यांना खोडमाशी जास्त लागते. पेर ऑक्टोबरात लांबली की पोंगेमर किती होते, तुम्हीच सांगा. मधला पोंगा ओढला की सरळ हातात येतो आणि बुडाशी कुजका वास. आपल्या गावरान ज्वारीच्या कोवळ्या पानांवर चकाकी असते, पानाखाली बारीक लव असते. माशीला तिथं अंडी घालणं आवडत नाही. संकरात हा गुण दोन्ही आईबापांकडून यावा लागतो. शिवाय रब्बीच्या थंड रात्रींत काही संकरांचे दाणेच नीट धरत नाहीत. आणि एवढं करून दाणा मालदांडीसारखा चमकदार नसला की बाजारात तो मार खातो.

मामा : आणि संकराचं बी दर साली विकत. माझ्या कणगीतलं बी मी पेरतो, शेजाऱ्याला देतो. ते गेलं तर मी बाजाराच्या हातात गेलो.

भाची : त्या हक्काला कायदाही आहे. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या रानातलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदलीचा आणि ब्रँड न लावता विकायचा हक्क दिलाय. कोरडवाहू रब्बीत संकरापेक्षा सरळ वाण हवेत, या तुमच्या मताशी मी सहमत आहे. फुले वसुधा, परभणी मोती हे सरळ वाणच आहेत, बी घरचं ठेवता येतं.

मामा : आता मुख्य गोष्टीवर ये. वाणाची जाहिरात निघते ती हेक्टरी इतके क्विंटल अशी. ते क्विंटल दाण्याचे. माझ्या दारात दोन म्हशी आणि बैलजोडी आहे. २०१८-१९ साली छावणीत जनावरं बांधून आलो, तेव्हा कुणी मला दाण्याचं विचारलं नाही. वैरण कुठं मिळते तेवढंच विचारलं. दुष्काळात कडब्याचा पैसा धान्याच्या पैशाला गाठतो. तुमच्या वजनकाट्यावर कडबा चढतो का?

भाची : वजन चढतं. दर्जा पुरेसा चढत नाही, आणि तिथं आम्ही कमी पडलो हे मला मान्य आहे. हैदराबादच्या वैरण बाजारात इक्रिसॅट आणि पशुधन संशोधकांनी मिळून अभ्यास केला. वेगवेगळ्या ज्वारीच्या कडब्यात पचनीयतेचा फरक जेमतेम पाच टक्क्यांचा होता. गवळ्यांना आणि व्यापाऱ्यांना तो न मोजता कळत होता, आणि चांगल्या कडब्याला ते बराच चढा भाव देत होते. म्हणजे पचनीयता हा बाजारानं मान्य केलेला गुण आहे. आता कडब्याच्या भुकटीवर यंत्रातून प्रकाश टाकून ती लवकर मोजता येते. शेकडो ओळी तपासणं शक्य झालंय. जास्त पचणारा कडबा आणि जास्त दाणा दोन्ही देणाऱ्या ओळीही सापडतात. एक चांगलं झालं की दुसरं बिघडलंच पाहिजे असं नाही.

मामा : आणि ती तपकिरी शिरेची ज्वारी? वैरणीसाठी म्हणून सांगत होते कुणी.

भाची : पानाची मधली शीर तपकिरी असते ती. तिच्यात काष्ठ कमी, म्हणून जनावराला पचायला सोपी. हिरव्या चाऱ्यासाठी उत्तम. पण काष्ठ कमी म्हणजे धाट लेचं. दाण्यासाठी उभ्या राहणाऱ्या पिकात तो गुण जपून आणावा लागतो.

मामा : आणखी एक घोळ आहे, त्यावर तुझ्याकडं उत्तर आहे का बघ. ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही. बायकांच्या हातांना फोड येतात, कंबर मोडते. पोरं म्हणतात, ज्वारी नको, मका करा, यंत्रानं निघतो. यंत्र येऊ दे म्हणावं, तर यंत्राला बुटकी ज्वारी लागते. बुटकी ज्वारी म्हणजे कडबा गेला.

भाची : याचं पूर्ण उत्तर आज तरी माझ्याकडं नाही. हार्वेस्टर कणीस घेतो आणि धाटाचा चुरा करून रानात टाकतो. माझ्या मते हा गुंता पैदासकारानं एकट्यानं सोडवायचा नाही. मध्यम उंचीची, जाड बुडाची, न लोळणारी ज्वारी आम्ही द्यावी आणि बुडाशी कापून पेंढी घालणारं यंत्र यंत्रवाल्यांनी. ज्वारी मोडायची असेल तर ती दुष्काळानं मोडणार नाही, उपटणीनं मोडेल. तिथं तुमचं बरोबर आहे.

मामा : तरी तुम्ही हुरड्याचा वाण वेगळा, लाह्यांचा वेगळा, रसाचा वेगळा काढत बसता.

भाची : कारण तिथं वेगळेपणच कामाचं आहे. हुरड्याला दाणा हिरवट, गोड आणि कणसातून चटकन सुटणारा हवा. गुळभेंडी लोक आवडीनं खातात ते यासाठीच. फुले उत्तरा त्याच धर्तीवर काढला. लाहीला दाणा कडक सालीचा लागतो, त्यासाठी फुले पंचमी. ज्याच्या गावाला रस्ता जवळ आहे त्यानं अर्धा एकर हुरडा करावा. पण हुरड्याचा वाण साऱ्या शिवारात नको, एवढं खरं.

मामा : आणि गोड धाटाची?

भाची : फलटणला निंबकर संस्थेनं मधुरा हा वाण काढला, काकवी केली, इथेनॉलवर चालणारी चूलही केली. चार महिन्यांत धाट तयार आणि पाणी उसाहून खूप कमी, म्हणून कल्पना मोलाची आहे. पण धाट तोडल्यावर रस फार लवकर आंबतो, साखर उतरते. कारखाना जवळ हवा आणि तोडणी वेळापत्रकावर हवी. शिवाय रब्बीच्या थंडीत धाटाला वजन येत नाही. मंगळवेढ्याच्या कोरडवाहू रानाला मी ती सांगणार नाही. एक वाण सगळं देईल असं म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला फसवणं.

मामा : हे बोललीस ते बरं केलंस. आणि ती लोहाची ज्वारी?

भाची : परभणी शक्ती. इक्रिसॅट आणि परभणीच्या विद्यापीठानं मिळून काढली, २०१८ साली आली. दाण्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीहून जास्त. आपल्याकडच्या बायका-मुलांच्या अंगात रक्त कमी असतं, तेव्हा रोजच्या भाकरीतून चार कण जास्त गेले तर हवेतच. पण भाकरी तुमच्या घरात आवडली तरच ती पेरली जाईल, हेही मी जाणते.

मामा : एवढी परदेशची, परप्रांतीची रक्तं आणता. आपली ज्वारी आपली राहील का?

भाची : ज्वारी मुळात आफ्रिकेतून आली, मामा. सुदानचं उदाहरण ऐका. गेबिसा एजेटा हे इथिओपियाचे पैदासकार. सुदानात त्यांनी दुष्काळात टिकणारा हगीन दुरा-१ हा संकर दिला, १९८३ साली. पुढं टारफुला या मुळांवर जगणाऱ्या तणाला तोंड देणारी ज्वारी काढली. टारफुल्याचं बी जमिनीत झोपून असतं. ज्वारीच्या मुळातून पाझरणारं एक द्रव्य लागलं की ते उगवतं आणि मुळालाच चिकटतं. त्यांनी ते द्रव्य फार कमी पाझरणारी ज्वारी निवडली. फवारणी नाही, खर्च नाही, गुण बियाण्यातच. त्या कामाला २००९चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जुन्या गावरान वाणांत असे गुण दडलेले असतात. इक्रिसॅटच्या पेढीत ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने जपलेत. मालदांडीची भाकरी सोडायची नाही आणि तिला जे येत नाही ते बाहेरून आणायचं, एवढंच माझं मागणं.

मामा : मग तू एक कर. तुमच्या चाचण्या केंद्राच्या भारी काळीत होतात. या मुरमाड पट्ट्यात घे. पाणी द्यायचं नाही. कडबा तोलायचा, आणि भाकरी तुझ्या मामीनं थापून सांगायची. एवढ्यातून जो वाण निघेल तो मी पेरीन.

भाची : अट मान्य. पण मालदांडी शेजारच्या ओळीत हवी. तिच्याशी बरोबरी झाल्याशिवाय मी त्याला वाण म्हणणार नाही.

संवाद इथं थांबतो. माझं मत मात्र स्पष्ट आहे. एका नव्या वाणाला संध्याकाळी फुलातले परागकोष चिमट्यानं काढण्यापासून गावोगावच्या चाचण्यांपर्यंत दहा-बारा वर्षं लागतात. इतका वेळ आणि पैसा केवळ हेक्टरी दाण्याच्या आकड्यावर लावण्याची चूक खरिपात होऊन गेली आहे. रब्बीत ती पुन्हा होऊ नये. ताण सोसण्याची ताकद, कडब्याचं वजन व पचनीयता आणि भाकरीचा दर्जा हे तीन गुण एकत्र असल्याशिवाय कोरडवाहू रब्बीच्या वाणाला प्रसारणाची मंजुरी मिळू नये. हुरडा, लाही आणि रस यांचे वाण वेगळे असावेत आणि जिथं बाजार जवळ आहे तिथंच त्यांची शिफारस व्हावी. चाचण्या हलक्या जमिनीत, शेतकऱ्याच्या रानात, विनापाण्याच्या व्हाव्यात आणि कडबा व भाकरीचे निकालही दाण्याच्या निकालाशेजारी छापले जावेत.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. शहरात ज्वारी घेणाऱ्या प्रत्येकानं दुकानदाराला एवढं जरूर विचारावं : ही कुठल्या रानातली आणि कुठल्या वाणाची? ग्राहकानं वाण विचारला तरच व्यापारी त्याचा भाव वेगळा धरेल आणि तो भाव मिळाला तरच पुढची पिढी ज्वारी पेरील.